नऊ नंबरचा फॉर्म

सुम्या, मला बसवत नाही.

सकाळपासून चार वेळा खुर्ची ओढली आणि चार वेळा उठले. रिकामं सेंट्रिफ्यूज फिरवून बघितलं, फ्रीजरचं तापमान तीनदा लिहिलं, धुतलेल्या काचा परत धुतल्या. लॅबमधली पोरं माझ्याकडं बघतात आणि नजर चुकवतात. मॅडमचा धाकटा भाऊ गेला म्हणून असं होतंय, असं त्यांना वाटतं. ते आहेच. पण नुसतं तेवढंच नाही. टेबलावर तुझा नऊ नंबरचा फॉर्म उघडा पडलाय. सरांनी सांगितलंय, सोमवारी सगळी माहिती पुढं पाठवायची, कुणाला काही दुरुस्त करायचं असेल तर आज करा. आज शनिवार. तुला जाऊन सतरा दिवस झाले, आणि त्या फॉर्मवर माझ्या अक्षरात एक खोटं लिहिलेलं आहे. इथं लातुरात ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बिलोलीत घरी सगळे चांगलंच बोलले. कष्टाळू होता, मनमिळाऊ होता, पोकलेनच्या बकेटच्या दातानं जमिनीवरची आगपेटी उचलून दाखवायचा. मी पांढरी साडी नेसून पुढं बसले होते. मेणबत्ती तेवत होती, वंदना चालू होती, आणि मला उठून सांगावंसं वाटत होतं की अहो, तो हट्टीही होता, लपवाछपवी करणारा होता, आणि आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. मनातल्या मनात मी तुझ्याशी कडाकडा भांडत होते. आता तुला उलट बोलता येत नाही, म्हणून मी जिंकले असं काही होत नाही रे.

तुझ्या हातावर मी सुई शिकले. नांदेडला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते तेव्हा वर्गात सरावासाठी रबरी हात एकच, आणि आम्ही चाळीस जणी. सुट्टीत घरी आले तर तू न मागता बाही वर केलीस. म्हणालास, "टोच आक्का, मला काय होतंय." पहिल्या दिवशी पाच वेळा टोचलं, एकदाही शीर सापडली नाही. दोन्ही हात निळेकाळे झाले. पुढच्या आठवड्यात मामाच्या पोरीच्या लग्नात पाहुण्यांनी विचारलं, तर तू गंभीर तोंड करून सांगितलंस, "आमची आक्का चावली." आज कुणाच्या लेकराची शीर सापडेना की अख्ख्या मजल्यावरून मलाच बोलावणं येतं. ते सगळं तुझं आहे. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तू लगेच डोक्यावर बसला असतास.

मग तू वर गेलास. आधी ट्रॅक्टर, मग जेसीबी, मग पोकलेन, आणि देगलूरच्या इरफानच्या ओळखीनं थेट लडाखकडं, रस्त्याच्या कामावर. पहिल्या वर्षी फोनवर म्हणालास, "आक्का, इथं डाळ उकळती पण शिजत न्हाई." आई तुझे बर्फातले फोटो शेजारणीला दाखवायची आणि विचारायची, एवढ्या उंचावर एवढी जड मशीन चढतीच कशी.

त्याच सुमारास सरांचं काम सुरू झालं. सर पूर्वी तिकडच्याच डोंगरात नोकरी करून आलेले. उंचावर गेलेल्या काही माणसांच्या फुफ्फुसात पाणी भरतं. धडधाकट माणूस, पण दोन-तीन दिवसांत कोरडा खोकला, मग धाप, मग गुलाबी फेसाची थुंकी, आणि वेळेवर खाली आणलं नाही तर संपलंच. सगळ्यांना होत नाही. ज्यांना होतं त्यांच्या रक्तातली कुठली प्रथिनं बदलतात, शरीराचं साखर जाळण्याचं गणित कुठं बिघडतं, हे सरांना बघायचं होतं. आजारी पडलेल्यांची सॅम्पलं तिकडून बर्फात येणार होती. त्यांच्याशी ताडून बघायला हवी होती वर राहून आलेली, पण काहीही न झालेली माणसं. सर गावोगाव निरोप धाडत होते. मी म्हटलं, सर, काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला, माझ्या घरातच एक आहे.

डिसेंबरात काम बंद पडलं तसा तू जर्दाळूंची पिशवी घेऊन लातूरला उतरलास. लॅबमध्ये तुला बसवलं. एका टोचणीत शीर. तू म्हणालास, "शिकलीस की गं." ट्यूबवर नाव नाही, नुसता नऊ आकडा, इथं माणसं नंबरानं ओळखतात. मग फॉर्म. इतरांचा फॉर्म मी कसा भरून घेते ते बघायला पाहिजे होतंस. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचते, थांबते, माणूस नाही म्हणाला तरी दुसऱ्या शब्दांत परत विचारते. पोरांना त्यावरून बोलून बोलून नको केलंय. चुकलं की ती व्हाइटनर लावायला धावतात, मी बाटली हिसकावून घेते. इथली रीत अशी की चुकलं तर पुसायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं, शेजारी सही, आणि चूक का झाली त्याचं कारण. तुला हे सांगितलं तर तू म्हणालास, "लॅब हाय का ठाणं?"

आणि तुझा स्वतःचा फॉर्म? तुझं वय मला पाठ, उंची-वजन मला माहीत, बापाचा दमा मला माहीत. मी चहा पीत पीत सगळा स्वतःच भरला. शेवटून दुसरा प्रश्न होता: उंचावर असताना खोकला, धाप, आडवं पडल्यावर श्वास कोंडणं असा त्रास कधी झाला होता का? मी लिहिलं, नाही. मान वर करून तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या भावाला काय होतंय.

तू बशीतल्या चहावर फुंकर मारत होतास. ती फुंकर जरा जास्त लांबली होती का, हेच मी सतरा दिवस आठवून राहिले आहे.

मग तू विचारलंस, हे पाणी भरतं तरी कसं. मी कागदावर फुफ्फुस काढलं. सांगितलं, हवा विरळ झाली की फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात. सगळ्या सारख्या आखडल्या तर एक वेळ चाललं असतं, पण काही जास्त आखडतात आणि काही कमी, मग सगळं रक्त मोकळ्या राहिलेल्या वाटांनी धावतं. तू मधेच म्हणालास, "प्रेशर वाढतंय. मग सील गळतंय."

"कसलं सील?"

"हायड्रॉलिकचं. पाइपातलं तेल भायेर येतंय ना, तसं."

मी म्हटलं, अगदी तसंच. पाणी तर येतंच, पण एरवी रक्त सोडून सहसा बाहेर न पडणारी प्रथिनंही त्याच्यासोबत पाझरतात. आणि ऑक्सिजन कमी पडला की पेशी साखर अर्धवट जाळतात, मग लॅक्टेट साठत जातं. तू म्हणालास, "काळा धूर. वर आमचं इंजिन बी असंच करतं. डिझेल पुरं जळत न्हाई." मी पोरांना हाक मारून म्हटलं, ऐका, दहावी शिकलेल्या माणसाला जे चटकन कळतं ते तुम्हाला का कळत नाही. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. आणि तू आपलं स्वतःचंच दुखणं समजून घेत होतास, सुम्या. शेवटी विचारलंस, "एकदा सील गळालं, परत नीट बसलं, तर पुन्यांदा गळतंय का?"

मी कागदाची घडी करत म्हणाले, "एकदा झालं त्याला परत व्हायची भीती जास्त."

तू "हं" म्हणालास. जर्दाळूची बी दाराच्या फटीत फोडून आतला गर मला खायला दिलास. कागद खिशात घातलास.

एप्रिलच्या शेवटी आकडे आले. आलेखावर आजारी पडलेल्यांचे ठिपके साधारण एका बाजूला, बऱ्या माणसांचे दुसऱ्या बाजूला, आणि नऊ नंबर आपल्या कळपातून सुटून मधोमध एकटाच. हॅप्टोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा तुझा आकडा चढा निघाला. ते नाव ऐकून तू म्हणाला होतास, नाव हाय का आगगाडी. मी हसत हसतच तुला फोन केला. म्हटलं, तुझा ठिपका तुझ्यासारखाच, कुठंच धड बसत नाही. तू तेव्हा बिलोलीत सामान बांधत होतास. मग म्हणालास, "आक्का, मागल्या साली मला झालतं."

मागल्या वर्षी, वर पोचल्यावर तिसऱ्या दिवशी. इरफाननं आणि पोरांनी तुला टिप्परात घालून खाली आणलं होतं. चार दिवस ऑक्सिजनवर होतास. घरी कळवायचं नाही म्हणून तू इरफानला शपथ घातली होतीस.

आणि मी काय म्हणाले? हेच मला बसू देत नाही. सुम्या, जाऊ नकोस, असं नाही म्हणाले. माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते हे, "अरे मग फॉर्म खोटा झाला की. माझं सगळं काम नासवलंस."

तू म्हणालास, "फॉर्म तू भरलीस. मला इचारलंस का?"

"तू सांगायचं होतंस."

"तू इचारायचं होतंस."

लहानपणी सायकलच्या पाळीवरून भांडायचो तसं चाललं होतं. एवढी शिकलेली मी, एवढा मोठा उस्ताद तू, आणि ही भाषा. मग कुठं मी तुझ्यावर आले. म्हटलं, जाऊ नको. आणि जायचंच असेल तर वाटेत मुक्काम करत करत जा, तिथल्या डॉक्टरला आधी सगळं सांग. तू म्हणालास, सांगितलं की वर जाऊ देणार नाहीत, खालीच नाल्या खोदत बसवतील. मी म्हटलं, "मग खोद की नाल्या. नाल्या काय वाईट आहेत?"

तेव्हा तू आवाज न चढवता बोललास. "आक्का, हितं गावात मी मशीनवरून उतरलो की लोक पैलं आडनाव इचारतात. वर मला उस्ताद म्हणतात. एका पातेल्यात जेवतो आम्ही समदे. तिथं कोणी कायबी इचारत न्हाई."

लातुरात खोली शोधताना आडनाव ऐकून 'आताच दिली हो' म्हणणारे घरमालक मीही बघितलेत. तुला नाल्या खोद म्हणणारी मी कोण होते? पण म्हणून मी गप्प बसले, का रागानं गप्प बसले, हे आता मला ठरवता येत नाही. मी एवढंच विचारलं, "डॉक्टरला सांगणार का नाही?"

"हाव. सांगतो."

"आईची शपथ घे."

"तू लई डोकं खाऊन राहिलीस, आक्का."

मी फोन ठेवून दिला. आपलं शेवटचं बोलणं ते. नंतर तुझा एक फोटो आला, पिवळी मशीन आणि मागं बर्फ. मी अंगठा टाकला. दोन शब्द लिहायला काय झालं होतं मला, कुणास ठाऊक.

इरफान तुझी बॅग घेऊन बिलोलीला आला. मराठीत 'ताई' म्हणून सांगायला लागायचा आणि मधेच 'बाजी' म्हणत दखनीत घसरायचा. तू डॉक्टरला काही सांगितलं नाहीस. जाताना गाडीत मात्र माझा तो कागद काढून सगळ्यांना दाखवलास. सील गळायला लागलं की मशीन बंद करायची आणि खाली यायचं, असं समजावून सांगितलंस. दोघं नवे होते, त्यांचं डोकं दुखायला लागलं तर तूच त्यांना खालच्या मुक्कामाला थांबवलंस. ते दोघं आज ठणठणीत आहेत. हे ऐकून मला आधी तुझं कौतुक वाटलं आणि लगेच असा संताप आला की मी उठून मागच्या दारी गेले. लोकांना अक्कल वाटत फिरलास आणि स्वतः वर गेलास.

तिसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. इरफान म्हणाला, चल खाली. तू म्हणालास, धुळीचा आहे. चौथ्या दिवशी सकाळी तुला आडवं होता येईना, ओठ निळे पडले. तेव्हा त्यानं तुझं न ऐकता टिप्पर काढला. दोन वळणं उतरले तर पुढं दरड आलेली, रस्ता बंद. मशीन जवळच उभी होती, डिझेल होतं. दरड काढायला फक्त उस्ताद पाहिजे होता. "बाजी, रास्ता खोलनेवाला तो वोइच था," इरफान म्हणाला. "मैं बैठा मशीनपे. पन मेरा हात उसके जैसा नइं चलता." त्याला दोन तास लागले. तू असतास तर अर्ध्या तासात वाट झाली असती, असं त्याचं म्हणणं. बरोबरचं लहान सिलिंडर मधेच संपलं. तू टिप्परात टेकून बसला होतास आणि काचेतून त्याला हातानं खुणा करत होतास, डावीकडून उचल, डावीकडून. मग त्यानं वळून बघितलं तेव्हा खुणा थांबल्या होत्या.

इरफान येऊन गेला त्याच दिवशी आईनं मला विचारलं, "तुला काई बोलला व्हता का गं त्यो?"

मी म्हणाले, "न्हाई."

तुझ्या नावावर मी दुसऱ्यांदा 'नाही' लिहिलं. पहिलं न विचारता, दुसरं विचारल्यावर. ते दुसरं पोटात राहीना. परवा गुरुवारी रजा टाकली, उदगीर, देगलूर करत एसटीनं बिलोली गाठली आणि आईला सगळं सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मला सांगितलं आस्तंस तर मी त्याच्या वाटंत आडवी पडले आस्ते." मी खाली सांडलेले दाणे वेचायला लागले. "एवढी शिकलीस, आन् तुला एवढं कळलं न्हाई?" मग परत सूप उचललं. मला जेवायला वाढलं, भाजी दोनदा वाढली, पण माझ्याकडं बघितलं नाही. सुम्या, तुला पटणार नाही, पण मला जरा बरं वाटलं. इतके दिवस सगळे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. कुणीतरी मला रागावायला पाहिजे होतं.

आज सकाळी सर टेबलापाशी आले. त्यांनी आवाज खाली आणला, हल्ली सगळेच आणतात. म्हणाले, "तो नऊ नंबर मधेच लटकलाय. सॅम्पल खराब होतं असं लिहून काढून टाकूया का?" नऊ म्हणजे कोण हे त्यांना माहीत नसतं, तशीच पद्धत आहे. मी विचारलं, सर, तो ठिपका आधीच काही सांगत होता का? सर म्हणाले, "छे हो. एका ठिपक्यावरून काय कळणार? आणि पुढं कुणाला होईल हे रक्त बघून सांगायची सोय अजून नाही. पूर्वी झालं होतं का, हे विचारून घेणं, त्यातल्या त्यात तोच मोठा पुरावा." ते सहज बोलून चहाला गेले. एवढ्या मशिनी, एवढ्या ट्यूब, उणे ऐंशीचा फ्रीजर, आणि जे कळायला पाहिजे होतं ते फॉर्मच्या शेवटून दुसऱ्या ओळीत होतं.

'हो सर' म्हटलं असतं की मी सुटले असते. खराब सॅम्पल, काम खलास. माझी नोकरी कंत्राटी आहे. भावाचा फॉर्म स्वतःच भरला हे कळल्यावर पुढच्या वर्षी मला ठेवतील का नाही, सांगता येत नाही. पण तुझं सॅम्पल खराब नव्हतं रे. एका टोचणीत घेतलं होतं, माझ्या हातानं, तू शिकवलेल्या हातानं. ते खराब होतं असं मी कसं लिहू? सर चहा पिऊन आले तसं मी त्यांना सांगितलं, "नऊ नंबर काढू नका. त्यात दुरुस्ती आहे. कुणाची आणि का, ते संध्याकाळी तुमच्या हातात देते." सरांनी माझ्याकडं बघितलं. बहुतेक त्यांना कळलं.

आता साडेपाच वाजले. पोरं गेली. बाहेर लातूरचं ऊन अजून हटायचं नाव घेत नाही. मी एकदाची बसले.

फॉर्म पुढं ओढला आणि तो प्रश्न मोठ्यानं वाचला, सगळ्यांना वाचते तसा, थांबत थांबत. सुमेध, उंचावर असताना खोकला, धाप, आडवं पडल्यावर श्वास कोंडणं, असा त्रास तुला कधी झाला होता का? मग थांबले. समोरच्या माणसासाठी थांबते तेवढी पुरती थांबले. माझ्या 'नाही'वर एक आडवी रेघ मारली. ते खालून वाचता येतंय, येणारच. वर लिहिलं, होय. शेजारी सही केली. कारणाचा रकाना अगदी लहान असतो. पोरं तिथं 'लिहिताना चूक' एवढं लिहून मोकळी होतात.

मी लिहिलं: विचारलं नव्हतं.